देऊन टाक आणि टाकून दे

'जुन्या चादरी देऊन टाक.' 'जुन्या चादरी टाकून दे.' दोन्ही वाक्यांत तीच दोन क्रियापदं आहेत, देणे आणि टाकणे. फक्त त्यांची जागा बदलली आहे. पण पहिल्या वाक्यात चादरी कुणाच्या तरी घरी जातात आणि दुसऱ्या वाक्यात उकिरड्यावर. खानदेशातल्या अमळनेरच्या बाजारपेठेत कुणालाही थांबवून फरक विचारा, तो क्षणात सांगेल. मग विचारा, की 'देऊन टाक' म्हणताना आपण काहीही फेकत नाही, तर 'टाक' कशाला? आणि 'टाकून दे' म्हणताना कुणालाच काही देत नाही, तर 'दे' कशाला? इथे मात्र बोलणारा घुटमळतो. जे आपण दिवसातून शेकडो वेळा बिनचूक करतो, ते कसं करतो हे आपल्याला सांगता येत नाही.

हे सगळं आठवायचं कारण इंग्रजीतला एक छळवादी धडा. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, गिव्ह इन म्हणजे नमणे, गिव्ह आउट म्हणजे वाटणे, गिव्ह अवे म्हणजे देऊन टाकणे किंवा गुपित फोडणे. पुट ऑफ, पुट आउट, पुट डाउन, पुट अप विथ. या जोडक्रियापदांच्या याद्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून पाठ करणाऱ्या मुलांच्या पिढ्या गेल्या. यादीतल्या प्रत्येक ओळीचा दुसरीशी काही संबंध दिसत नाही आणि परीक्षा झाली, की ती वाऱ्यावर उडून जाते. ती मुलं ज्या घरात बसून पाठांतर करत असतात, त्याच घरात आई स्वयंपाकघरातून सांगत असते, 'दूध तापवून ठेव, भांडी घासून टाक, आजीला चहा करून दे आणि तूही खाऊन घे.' हेही जोडक्रियापदांचंच शास्त्र आहे. ते मुलांना शाळेत जाण्याआधीच येतं.

आधी आपल्या घरचं नीट पाहू. तलाठ्याच्या कचेरीत एक कागद आहे आणि त्यावर एक सही व्हायची आहे, असं समजा. 'त्यानं सही केली' ही नुसती बातमी झाली. 'त्यानं सही करून दिली' म्हटलं, की सहीची गरज दुसऱ्याला होती आणि यानं उपकार केला, हे कळतं. 'त्यानं सही करून घेतली' म्हटल्यावर बाजू उलटते. आता पेन दुसऱ्याच्या हातात आहे आणि काम याचं झालं आहे. 'सही करून टाकली' यात सुटकेचा निःश्वास आहे, एकदाची कटकट गेली. 'सही करून ठेवली' यात पुढचा विचार आहे, उद्या लागली तर हाताशी असावी. आणि 'सही करून बसला' असं कानावर पडताच ऐकणारा कपाळाला हात लावतो. जमीन गेली वाटतं!

शाई तीच, कागद तोच, हाताची हालचालही तीच. बदलला तो माणसाचा त्या कृतीशी असलेला संबंध. कुणासाठी केलं, कशाच्या तयारीसाठी केलं, केल्यावर हलकं वाटलं की पश्चात्ताप झाला, हे सगळं शेवटच्या एका छोट्या क्रियापदात आलं. 'बसणे' या क्रियापदात पश्चात्ताप कुठून आला? जो बसला तो जागचा हलत नाही. केलेली चूकही तशीच, आता तिथून उठता येत नाही. 'कळून चुकलं' हे तर त्याहून नवल. कळलेलं अगदी बरोबर असतं, चुकलेलं काहीच नसतं, तरी आपण 'चुकलं' म्हणतो आणि त्यातून 'आता कळल्यावाचून राहणं शक्य नाही' एवढा पक्का अर्थ निघतो.

या शेवटच्या क्रियापदांची एक परीक्षा घेता येते. 'विजेचं बिल भरून टाकलं' हे वाक्य नकारार्थी करा. 'बिल भरून टाकलं नाही' असं सहसा कुणी म्हणत नाही. जीभ आपोआप 'बिल भरलं नाही' कडे वळते. 'तो पाकीट हरवून बसला' याचा नकार 'पाकीट हरवलं नाही' एवढाच. जे झालंच नाही त्याची सुटका कसली आणि पश्चात्ताप कसला? म्हणून 'टाक' आणि 'बस' गळून पडतात. पण ताकीद देताना ती परत येतात, 'तिथं काहीतरी बोलून बसू नकोस.' कारण ताकीद देणाऱ्याला ती चूक होऊन गेलेली आधीच दिसत असते. उलट 'करून ठेवलं नाही', 'करून दिलं नाही' हे नकार सहज चालतात. म्हणजे ठेवणे आणि देणे यांच्यात मूळ अर्थ अजून बराच शिल्लक आहे. टाकणे आणि बसणे मात्र आपला मूळ धंदा सोडून पुष्कळ पुढे गेलेत. ही सूक्ष्म उतरंड कुठल्या शिक्षकानं आपल्याला शिकवली? कुणीच नाही.

दुसरी परीक्षा खानदेशी केळीच्या घडावर घेऊ. 'तो तासभर केळी खात होता' हे चालतं. 'त्यानं तासाभरात केळी खाऊन टाकली' हेही चालतं. पण 'तासभर केळी खाऊन टाकली' म्हटलं, की कानाला खटकतं. 'टाक' लागला, की कृतीला शेवट हवा, नुसता वेळ घालवणं तिला मानवत नाही. आता इंग्रजीत पाहा. नुसत्या 'ईट'बरोबर 'फॉर अ‍ॅन अवर' चालतं, 'ईट अप'बरोबर चालत नाही. तिथं 'इन अ‍ॅन अवर'च लागतं. अगदी तोच नियम! इकडे 'टाक', तिकडे 'अप'. एकीकडे फेकण्याचं क्रियापद, दुसरीकडे 'वर' ही दिशा, आणि काम मात्र एकच, केळी संपल्याचं सांगणं.

आता इंग्रजीकडे नीट वळू. त्या याद्या परक्या वाटतात हे खरं, पण त्यांतला बराच माल आपल्या घरात केव्हाच आलेला आहे. 'लॉक' म्हणजे कुलूप. चोर पकडला, की तो लॉकअपमध्ये. मालकानं गिरणीचं फाटक बंद केलं, की लॉकआउट. मार्च 2020 मध्ये देश घरात बसला, तो लॉकडाउन. म्युच्युअल फंडात पैसे अडकले, तर लॉक-इन. कुलूप एकच, पण या चार शब्दांत कधीही इंग्रजी शाळेत न गेलेला माणूसही घोटाळा करणार नाही. फरक पडला तो शेपटीमुळे. 'आउट'मध्ये माणूस बाहेर राहतो आणि कुलूप त्याच्या तोंडावर लागतं. 'इन'मध्ये वस्तू आत अडकते. 'अप'मध्ये बंदिस्तपणा पुरता होतो, फट राहत नाही. 'डाउन'मध्ये जो जिथं आहे त्याला तिथंच दाबून धरलं जातं. अमेरिकेतल्या तुरुंगांत कैद्यांना कोठड्यांतून हलू न देण्याला हा शब्द लागायचा, तो पुढे साऱ्या जगाच्या वाट्याला आला.

गिरणीच्या गावांना अशा शब्दांची ओळख फार जुनी. अमळनेरात प्रतापशेठजींची कापडगिरणी होती. अशा गावांच्या बोलीत लॉकआउट, वॉकआउट आणि ले-ऑफ हे तीन शब्द भाकरी-भाजीइतके ओळखीचे. त्यांतला ले-ऑफ मुद्दाम जवळून पाहण्यासारखा आहे. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफचा अर्थ ठरलेला होता. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र मोडलं, म्हणून कामगाराला काम देता येत नाही. पण त्याचं नाव हजेरीपटावर कायम असतं आणि पात्र कामगाराला मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. नोकरीवरून कमी करण्याला कायद्यात वेगळा शब्द होता, रिट्रेंचमेंट. आता याच अमळनेरात 1945 साली महंमद हाशम प्रेमजींनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. तिचंच पुढे विप्रो झालं आणि संगणकाच्या धंद्यात तिचं नाव जगभर गेलं. त्या संगणकाच्या जगातला ले-ऑफ अमेरिकेहून आलेला आहे. त्यात हजेरीपटावरचं नावच पुसलं जातं. जुन्या गिरणी कामगाराला 'तुमच्या नातवाच्या कंपनीत ले-ऑफ आहे' असं सांगितलं, तर तो म्हणेल, 'मग काय झालं? माल आला की बोलावतील.' नातवानं तेव्हा दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करायला घेतलेला असेल.

'ऑफ'चा अर्थ दोन्हीकडे 'पासून दूर' हाच आहे. किती दूर आणि किती काळ, एवढाच प्रश्न. नेमका हाच प्रश्न पुट ऑफ आणि कॉल ऑफ या जोडीत येतो आणि तिथं चूक महागात पडते. लग्न 'पुट ऑफ' झालं म्हणजे तारीख पुढे गेली, मांडववाल्याला फोन करायचा. लग्न 'कॉल ऑफ' झालं म्हणजे मोडलं, दागिने परत करायचे. 'पुट' म्हणजे ठेवणे. गोष्ट उचलून लांब ठेवली, पण ती आहे. 'कॉल' म्हणजे हाक मारणे; शिकारीवर सोडलेल्या कुत्र्यांना हाक मारून मागे बोलावलं, म्हणजे शिकारच संपली. ठेवलेलं पुन्हा उचलता येतं, मागे बोलावल्यावर मोहीमच उरत नाही. क्रियापद आणि दिशा यांचं चित्र एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं, की पाठांतराचं अर्धं ओझं उतरतं.

गिव्ह अप आणि गिव्ह इन ही जोडी तर मुलांना हमखास चकवते, कारण शब्दकोशात दोन्हींपुढे 'हार मानणे' लिहिलेलं सापडतं. 'गिव्ह अप'मध्ये माणूस हातातली गोष्ट सोडतो. तिथं समोर कुणी असावंच लागतं असं नाही. सिगारेट गिव्ह अप करता येते, गणित गिव्ह अप करता येतं, आशाही. मराठीत आपण 'नाद सोडला' म्हणतो. 'गिव्ह इन'ला मात्र समोर रेटा लावणारा कुणीतरी लागतो, त्या रेट्यानं भिंत आतल्या बाजूला वाकते. मराठीत 'नमतं घेतलं'. साने गुरुजींचंच उदाहरण घ्या. 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मे 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. गुरुजींनी आपला हेका 'गिव्ह अप' केला नाही. दार उघडायला जे तयार नव्हते, त्यांना 'गिव्ह इन' करावं लागलं. या दोन वाक्यांत 'अप' आणि 'इन' यांची अदलाबदल करून पाहा. दुसऱ्यात 'अप' टाकलं, तर विरोधक आपणहून कंटाळून निघून गेले असं होईल. गुरुजींनी लावलेला रेटा वाक्यातून नाहीसा होईल.

मग या दिशांना एवढी शक्ती आली कुठून? 1981 साली सुझन लिंडनर या संशोधिकेनं कॅलिफोर्नियात 'अप' आणि 'आउट' या दोनच शब्दांवर सबंध प्रबंध लिहिला. त्याआधी समजूत अशी होती, की 'ईट अप', 'गिव्ह अप', 'शो अप' यांतला 'अप' मनाला येईल तसा चिकटलेला आहे, त्याला काही तर्क नाही. तिनं दाखवलं, की शेकडो जोड्या तपासल्या तर अर्थांचं एक जाळं दिसतं आणि प्रत्येक धागा कुठे ना कुठे खऱ्याखुऱ्या जागेशी बांधलेला असतो. पाणी हौदात भरत गेलं, की पातळी वर येते आणि काठाला लागली, की हौद भरला. म्हणून 'वर' म्हणजे 'पुरतं'. जमिनीखालची, पाण्याखालची गोष्ट वर आली, की दिसते. म्हणून 'शो अप', 'टर्न अप' म्हणजे उगवणं, हजर होणं. 'आउट'चंही तसंच, आणि ते आपल्याला क्रिकेटनं शिकवलं आहे. खेळाडू मैदानाबाहेर गेला, तो आउट. सगळे गेले, ऑल आउट. डबा रिकामा झाला, पेट्रोल 'रन आउट'. दिवा विझला, तोही 'आउट'. आतलं सगळं बाहेर गेलं, की आत काही उरत नाही, एवढं साधं चित्र या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

ही चित्रं कुठून पाहतो त्यावर बदलतात, म्हणून कधी उलट्या दिशाही एकाच जागी पोचतात. इंग्रजीत घर 'बर्न डाउन' होतं, कागद 'बर्न अप' होतो. जळून दोन्ही गेलेच. पण घराकडे पाहणाऱ्याला कोसळणारं छप्पर दिसतं, कागदाकडे पाहणाऱ्याला वर चढणारी ज्वाळा.

इथवर हे सगळं इंग्रजांचं वैभव वाटेल. पण जरा मागे गेलं, की आपलेच पूर्वज याच गोष्टीवर भांडताना सापडतात. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. धातू एकच, हृ, म्हणजे नेणे, हरण करणे. पुढे आ, वि, प्र, सं, परि लागले आणि जेवण, हिंडणं, मार, नाश आणि निवारण अशी पाच जगं तयार झाली. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी यास्कानं शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या आपल्या निरुक्त या ग्रंथात दोन जुन्या आचार्यांमधला एक वाद नोंदवून ठेवला आहे. शाकटायन म्हणतो, या उपसर्गांना सुटा अर्थ नाही, ते धातूचाच अर्थ उजळवतात. गार्ग्य म्हणतो, नाही, त्यांना स्वतःचे अनेक अर्थ आहेत. लिंडनरच्या प्रबंधाचा विषय नेमका हाच!

याहून मोठं नवल पाणिनीच्या सूत्रांत आहे. तो सांगतो, उपसर्ग धातूच्या आधी येतात. लगेच पुढच्या दोन सूत्रांत जोडतो, की वेदाच्या भाषेत ते नंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द असले तरी चालतं. म्हणजे वेदकाळी उपसर्ग मोकळा फिरत होता. इंग्रजी माणूस 'थ्रो आउट' तोडून मध्ये वस्तू घालतो, 'थ्रो द ओल्ड शूज आउट'. तीच मुभा वेदातल्या कवीला होती. पुढे संस्कृतात ही मुभा गेली, उपसर्ग धातूला कायमचा चिकटला.

आणि हे उपसर्ग इंग्रजी शेपट्यांचे नुसते समानधर्मी नाहीत, सख्खे भाऊबंद आहेत. संस्कृत 'उद्' आणि इंग्रजी 'आउट' एकाच मुळापासून निघाले. 'अपहरण', 'अपकर्ष' यांतला 'अप' म्हणजे इंग्रजीतला 'ऑफ'. इंग्रजीतल्या 'अप'चं नातं मात्र आपल्या 'अप'शी नाही, 'उप'शी आहे. ऐकायला सारखे आणि घराणी वेगळी. संस्कृत 'उपरि' आणि इंग्रजी 'ओव्हर' भाऊ, आणि या 'उपरि'चाच झिजून झालेला आपला रोजचा शब्द 'वर'. टेबलावर पुस्तक ठेवताना आपण 'ओव्हर'चा चुलतभाऊ उच्चारत असतो.

अमळनेरला 1952 साली मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी कादंबरीकार किंवा कवी नव्हता, शब्दांची कुळं शोधणारा माणूस होता. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी, 1946च्या 'मराठी व्युत्पत्तिकोशा'चे कर्ते. त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावात 'उद्गम' आहे, आणि त्या 'उद्गमा'त 'उद्' आहे, म्हणजे 'आउट'चा भाऊ. त्यांच्या शास्त्राच्या वाटेनं गेलं, की 'उठणे' उघडून दाखवता येतं, उद् अधिक स्था. 'बसणे' तर अजबच. उपविश्, मग जुन्या मराठीतलं बैसणे, मग बसणे. 'बसणे'च्या त्या 'ब'मध्ये 'उप' विरघळलेला आहे. इंग्रज बसतो तेव्हा 'सिट डाउन' म्हणतो. मराठी माणूस बसतो तेव्हा त्याच्या क्रियापदाच्या पोटात 'अप'चा भाऊ दडलेला असतो.

पण विरघळल्यावर उपयोग काय? 'बसणे' वापरताना कुणाला 'उप' दिसत नाही. मराठीपर्यंत येता येता हे जुने उपसर्ग घासून घासून धातूंत जिरले आणि नवे अर्थ घडवायचं एक मोठं साधन भाषेच्या हातून निसटलं. इंग्रजीवरही हीच वेळ आली होती. जुन्या इंग्रजीत उपसर्ग पुढेच लागत. 'फर्गिव्ह', 'विथस्टँड' हे त्या काळचे अवशेष. 'विथस्टँड'मधला 'विथ' म्हणजे 'विरुद्ध', हे आज इंग्रजांनाही सांगावं लागतं. तेही उपसर्ग दुबळे झाले, तेव्हा इंग्रजीनं दिशा सांगणारे शब्द क्रियापदाच्या मागे उभे करायला सुरुवात केली. त्यांचा पसारा इतका वाढला, की 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सननं परकीयांना सर्वांत जास्त अडचण याच शब्दांची होते, असं नोंदवलं. त्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव तर फार उशिरा मिळालं. 1925 साली लोगन पिअरसल स्मिथ यांनी ते छापलं आणि श्रेय ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडली यांना दिलं.

मराठीनं वेगळी वाट धरली. तिनं दिशा न घेता दुसरं क्रियापदच मागे उभं केलं. 'करून' हे कृदंत पुढे आणि टाकणे, ठेवणे, देणे, घेणे, जाणे, बसणे, सोडणे, काढणे अशी रोजच्या हातापायांची क्रियापदं मागे. ही वाट तिची एकटीची नाही. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी 1976च्या पुस्तकात दाखवलं, की ही पद्धत आर्य भाषांत आहे, द्राविड भाषांत आहे आणि मध्य आशियातून थेट जपानपर्यंत पसरली आहे. जपानी माणूस 'खाल्लं' या क्रियापदामागे 'शिमाउ' लावतो, ज्याचा मूळ अर्थ आवरून ठेवणे, संपवणे. त्यातून दोन छटा निघतात, 'खाऊन टाकलं' आणि 'अरेरे, खाऊन बसलो'. टोकियोत आणि खानदेशात पश्चात्तापाचं व्याकरण एकाच तऱ्हेनं घडलं आहे!

अमळनेरला तर याचा एक वेगळा रंग रोज ऐकू येतो. प्रमाण मराठीत 'करून टाक', शेजारच्या गुजरातीत 'करी नाख', आणि मधल्या अहिराणीत 'करी टाक'. कृदंत गुजरातीसारखं, मागचं क्रियापद मराठीचं. 'खाई टाक', 'दी टाक', 'पडी गया'. आणि 'काय करी ऱ्हायना?' मध्ये 'राहणे' हे क्रियापद चालू असलेल्या कामाची खूण झालं आहे. प्रमाण मराठी तिथं 'करतो आहेस' म्हणून 'असणे' वापरते. अहिराणीला लोक अजून 'शुद्ध नाही' म्हणतात. पण ही रचना पाहिली, तर ती दोन भाषांच्या मधली नुसती वाट नाही, तिनं स्वतःचं यंत्र जुळवलं आहे.

आता मूळ प्रश्न. दोन भाषांनी जुनी हत्यारं गमावली आणि नवी घडवली; मग दोन्हींत फरक काय राहिला? इंग्रजीची शेपटी वस्तूचा प्रवास सांगते. वर गेली, बाहेर गेली, सुटी झाली, आत वाकली. मराठीची शेपटी माणसाची भूमिका सांगते. स्वतःसाठी केलं, दुसऱ्यासाठी केलं, जपून ठेवलं, सुटका करून घेतली, नको ते झालं. म्हणून 'बोलून बसलो' या दोन शब्दांचं इंग्रजी करायला अख्खं वाक्य लागतं, 'मी बोलायला नको होतं पण बोललो आणि आता परत घेता येत नाही'. आणि 'टॉक समवन आउट ऑफ समथिंग' याचं मराठी करायलाही अख्खं वाक्य लागतं, 'त्याच्या डोक्यात जे होतं त्यातून बोलून बोलून त्याला बाहेर काढलं'. ज्या भाषेला जे दाखवायचं होतं त्यासाठी तिनं एक शब्द राखून ठेवला. बाकीचं सांगायला मग लांबण लावावं लागतं.

अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान मंदिराचं नेतृत्व 1930च्या दशकात काही काळ तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्याकडे होतं. 'स्वराज इन आयडियाज' या त्यांच्या गाजलेल्या व्याख्यानाचा गाभा असा, की परका विचार घेण्यात गुलामी नाही. आपल्या विचाराशी ताडून न पाहता घेतला, तर मात्र आहे. इंग्रजीच्या वर्गात मुलांपुढे टाकलेली यादी अशीच न ताडता घेतलेली असते. तिच्या शेजारी 'करून टाक, करून ठेव, करून बस' हा आपला ताळेबंद मांडला, तर दोन्ही उजळतात. गिव्ह अपला 'नाद सोडणे' आणि गिव्ह इनला 'नमतं घेणे' असा एकेक शब्द चिकटवून मोकळं होण्याऐवजी मुलांना विचारावं, इथं कोण कुठं गेलं आणि रेटा कुणी दिला. मग उलट विचारावं, 'सही करून दिली' आणि 'सही करून बसला' यांत इंग्रजीला काय दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मुलांना मराठी व्याकरणातलं असं काही सापडेल, जे त्यांना येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तो तास दोन्ही भाषांचा होईल आणि वहीचं मागचं पान दुसऱ्या कामाला मोकळं राहील.